बरं मामा, येतो आता

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी माझ्या सासऱ्यांचं नाव घेतो. म्हणजे नाव नाही घेत. आमच्यात जावई सासऱ्यांना नावाने हाक मारत नाही, 'मामा' म्हणतो. ते मला 'जावईबापू' म्हणत आणि 'आपण' म्हणत. जावयाचा मान त्यांनी आयुष्यात कधी कमी केला नाही. त्या मानात गुंडाळून ते जे काही बोलत, ते परक्या माणसाला बोलले असते तर मात्र भांडण झालं असतं.

मामा रेल्वेत टी.सी. होते. डहाणू रोड स्टेशनच्या दारात काळा कोट घालून उभं राहण्यात त्यांची हयात गेली. तिकीट तपासणाऱ्याला एक सवय लागते. समोरचा माणूस कोण, कसा, यात त्याला फारसा रस नसतो. तो कुठपर्यंत चालला आहे, एवढंच त्याला हवं असतं. मी मुलगी पाहायला त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी मला याच नजरेने वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"शिक्षण?"

"बी.ए., बी.एड."

"घरात आणखी कोण शिकलेलं?"

"कुणी नाही. मीच पहिला."

"हं. आणि पुढे कुठपर्यंत?"

मला प्रश्न कळला नाही. मी प्रामाणिकपणे म्हणालो, "तलासरीपर्यंत. तिथल्या हायस्कुलात नोकरी लागली आहे."

मामा हसले नाहीत. पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवत म्हणाले, "म्हणजे मधल्या स्टेशनावर उतरलात."

मला राग यायला हवा होता. पण मी उधव्याकडच्या डोंगराळ भागातला. घरी भात आणि नाचणी. आमच्या घराण्यात कुणी चौथीपुढे गेलं नव्हतं. बी.ए. म्हणजे आमच्या लेखी शेवटचं स्टेशन, त्यापुढे रूळच नव्हते. त्यामुळे मामा चेष्टा करताहेत हे मला लग्नानंतर, बायकोने सांगितल्यावर कळलं.

तलासरीत मी रमलो. माझ्या वर्गात घरी वारली बोलणारी मुलं होती, गुजराती बोलणारी होती, आणि दोन्ही मिसळून बोलणारी तर बहुतेक सगळीच. पुस्तक मराठीत. मी मुलाला विचारायचो एक, तो घरच्या भाषेत सांगायचा दुसरं, आणि परीक्षेत लिहायचा तिसरंच. मी त्याच्या उत्तरावर लाल फुली मारायचो. असं करता करता माझी मुलगी सहावीत गेली, मला टक्कल पडू लागलं, आणि मामा निवृत्त झाले. सासूबाई लवकर गेल्या होत्या. मामा स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत एकटे राहत आणि दिवसभर पेपर वाचत. बातम्या संपल्या की जाहिराती, जाहिराती संपल्या की निविदा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. एका रविवारी आम्ही डहाणूला गेलो तेव्हा मामांनी माझ्यापुढे एक कात्रण ठेवलं. ज्यांच्या घरची भाषा पुस्तकापेक्षा वेगळी आहे अशा मुलांना कसं शिकवावं, याचा इंग्लंडमध्ये एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. शिक्षकांसाठी शिष्यवृत्ती.

"जावईबापू, ही गाडी आपल्याकडे थांबते असं दिसतं."

"मामा, या वयात?"

"वयाची अट चाळीस लिहिली आहे. आपण सदतीस. सिग्नल अजून मिळतोय."

मी अर्ज केला तो त्यांच्या टोमण्यांतून सुटका व्हावी म्हणून. मुंबईला मुलाखतीला बोलावलं. समोर बसलेल्यांपैकी एकाने विचारलं, "इतक्या वर्षांनी पुन्हा शिकावंसं का वाटलं?" मी म्हणालो, "सासऱ्यांमुळे." ते सगळे इतके हसले की एकाने चष्मा पुसला. मी विनोद केलेला नव्हता. पण निवड झाली.

निवड झाल्यावर मामांचा सूर बदलला. आता ते रोज नवीन काहीतरी विचारत. "जावईबापू, शाळेत जाणार म्हणे आपण? डबा काय देऊ?" "पाटी इथून नेणार की तिथे मिळते?" "मधल्या सुट्टीत कुणी मारलं तर बाईंना नाव सांगा, आपण हात उचलू नका." बायको म्हणायची, "बाबा, पुरे आता." मामा म्हणायचे, "मी जावयांना काही बोललो का? काळजीने विचारतोय."

माझी मुलगी त्याहून पुढे गेली. तिने वर्गात सांगितलं की माझे बाबा नापास झाले म्हणून त्यांना परत शाळेत बसवलंय, तेही लांबच्या. आईला उधव्याला जाऊन सांगितलं तर ती चुलीपुढून न उठता म्हणाली, "तुझी शाळा सुटली नाही का रे अजून?"

तयारी सुरू झाली. थंडीची मला सगळ्यांत भीती. बर्फ म्हणजे काय हे विचारायला ओळखीत अनुभवी माणूस एकच होतं: नरपडहून दारावर मासळी घेऊन येणारी मावशी.

"मावशी, बर्फात काम करून हात आखडतात का हो?"

"हात नाय आखडत, मास्तर. डोकं आखडतं. तुला कशाला चौकशी? धंदा काढतो काय माझ्यासमोर?"

सुटाचं काम डहाणूच्या शिंप्याकडे दिलं. त्याने आयुष्यात लेंगे आणि शाळेचे गणवेश शिवलेले. त्याला नमुना हवा होता. मामांनी कपाटातून आपला काळा कोट काढून दिला. शिंप्याने तो मनापासून उतरवून काढला, खिशांसकट. अंगात घातल्यावर बायकोने मला पाहिलं आणि तोंडाला पदर लावून आत गेली. पुढे इंग्लंडमधल्या पहिल्याच स्टेशनवर एक म्हातारी सामान ओढत थेट माझ्याकडे आली आणि पुढची गाडी कोणत्या फलाटावर येईल असं विचारू लागली. तेव्हा मला बायकोच्या हसण्याचा अर्थ लागला.

विमानाचं तिकीट आलं. मामांनी चष्मा लावून ते पुढून वाचलं, मागून वाचलं, उजेडात धरलं.

"परतीचं आहे ना?"

"हो मामा. वर्षभर चालतं."

"परतीची तारीख दिसत नाही."

"ती मोकळी आहे. केव्हाही येता येतं."

मामांनी तिकीट माझ्या हातात परत दिलं. "केव्हाही येता येतं," ते म्हणाले, "हेच वाईट आहे."

निघायच्या दिवशी चारोटीपर्यंत सगळे आले. तिथे हायवेवर मुंबईची जीप पकडायची होती. आई उधव्याहून आली होती, बायको, मुलगी, मामा, शाळेतले दोघे-तिघे शिक्षक. हॉटेलात चहा झाला. सामान जीपवर चढलं. मी चढलो, खिडकीतून हात बाहेर काढला आणि घाईत म्हणालो, "बरं, जातो."

 आई पुढे आली. "उतर."

"आई, जीप..."

"उतर म्हणते ना. जातो म्हणतात होय? जातो म्हणणारा जातोच."

हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. आणि हे काही आमच्या घरापुरतं नव्हतं. आमच्या भागात तसं पाहिलं तर कुणी जातच नाही. मराठी माणूस निघताना 'येतो' म्हणतो, आणि दुकानातला गुजराती शेठ गिऱ्हाइकाला निरोप देताना 'आवजो' म्हणतो, म्हणजे पुन्हा या. सगळी येण्याचीच भाषा.

मला उतरावं लागलं. हॉटेलच्या बाकावर बसावं लागलं, पेलाभर पाणी प्यावं लागलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवून कंटाळला. "साहेब, विमान थांबत नाय कोणासाठी."

मामा म्हणाले, "थांबतं. मी रेल्वेत होतो. सगळं थांबतं."

मग मी पुन्हा उठलो, आईच्या पाया पडलो आणि म्हणालो, "येतो." आता सगळ्यांचे चेहरे खुलले. हा शब्द मी तिथून गच्च धरून घेऊन गेलो, आणि पुढे त्यानेच माझी फजिती केली.

इंग्लंडच्या उत्तरेतल्या एका लहान शहरात मी एका विधवा बाईंच्या घरी राहत होतो. पहिल्या दिवशी त्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "ये रे, लव्ह." मी पायरीवरच थिजलो. संध्याकाळपर्यंत त्या मला सात-आठदा 'लव्ह' म्हणाल्या. मी बायकोला पत्र लिहायला बसलो आणि हा मजकूर गाळावा असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढलो तर मिशीवाला ड्रायव्हर म्हणाला, "सुटे पैसे नाहीत का, लव्ह?" तेव्हा जीव भांड्यात पडला. तिथली ती बोलायची रीतच होती, आपल्याकडे भाजीवाला 'ताई' म्हणतो तशी.

त्याच सकाळी मी बस पकडायला निघालो तेव्हा घरमालकीण दारात उभ्या होत्या. मी बूट घातले आणि सवयीने म्हणालो, "आय ॲम कमिंग."

"कुठे येतोयस?"

"कॉलेजात."

"मग ये ना."

"हो, येतो ना."

मी फाटकातून बाहेर पडून रस्त्याला लागलो. वळणावर मागे पाहिलं तर त्या दार सताड उघडं ठेवून उभ्या होत्या. घरातली सगळी ऊब बाहेर चालली होती, आणि मी परत येईन म्हणून त्या वाट पाहत होत्या.

कॉलेजात हेच. माझ्या मार्गदर्शक बाई माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान. त्या वर्गात आल्या तेव्हा मी खुर्ची मागे सारून ताठ उभा राहिलो. बाकीची पोरं, बहुतेक विशी-पंचविशीतली, पाय पसरून बसलेली. बाईंना वाटलं मी निघालोय. त्यांनी हळूच दाराकडे बोट दाखवून सांगितलं की स्वच्छतागृह डावीकडे आहे.

त्या म्हणाल्या, मला नावाने हाक मारा. बाईंना नावाने! मी 'मॅडम' म्हणत राहिलो. त्या म्हणाल्या, "मॅडम म्हटलं की मला चपलांच्या दुकानात असल्यासारखं वाटतं." मग मी काहीच म्हणेनासा झालो. त्यांचं लक्ष वेधायचं असेल तर खोकायचो. त्यांनी मला एकदा डॉक्टरचा पत्ता दिला.

पहिल्यांदा त्यांच्या खोलीत बसून चर्चा झाली. संपल्यावर मी उठलो आणि म्हणालो, "ओके, आय विल कम." त्यांनी मान हलवली. मी लायब्ररीत गेलो, तिथून घरी. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "काल आला नाहीस?"

"आलो होतो ना."

"मग 'येतो' म्हणून गेलास तो? मी साडेपाचपर्यंत खोलीत बसून होते."

मी त्यांना समजावून सांगितलं की आमच्यात जायचं असलं की येतो म्हणतात. त्यांनी विचारलं, "आणि खरंच यायचं असेल तेव्हा?"

"तेव्हाही येतो म्हणतात."

"मग ऐकणाऱ्याला कसं कळतं?"

आपल्याकडे हा प्रश्न कुणालाही पडलेला मी पाहिला नव्हता. मी म्हणालो, "कळतं."

ते खरं नव्हतं, हे मला लवकरच समजणार होतं.

पहिला निबंध मी जीव ओतून लिहिला. मोठमोठ्या विद्वानांची वाक्यं, कुणी काय म्हटलं, कधी म्हटलं, सगळं सुवाच्य अक्षरात. परत आला तेव्हा प्रत्येक पानाच्या समासात एकच शेरा होता: तुला काय वाटतं? शेवटी 'नापास' आणि त्याखाली: या निबंधात तू कुठे आहेस?

मी बाईंकडे गेलो. "मी आहे ना. वर उजव्या कोपऱ्यात. नाव लिहिलंय."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की तीच परीक्षा दुसऱ्या निबंधाने देता येईल. त्यातही नापास झालो तर अभ्यासक्रम तिथेच संपेल. मला काय वाटतं ते लिहायचं.

मला काय वाटतं, हे आयुष्यात मला कुणीही विचारलं नव्हतं. शाळेत विचारलं नाही, बी.ए.ला विचारलं नाही, बी.एड.ला तर नाहीच. तलासरीला तास संपताना मी स्वतः 'काही शंका?' असं विचारायचो आणि उत्तर यायच्या आत खडू ठेवायचो. मी खोलीत बसून कोऱ्या कागदाकडे पाहत राहायचो. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून गावाने माझा सत्कार केला होता, नारळ आणि टोपी देऊन. आता घराण्यातला परदेशात नापास होणाराही मीच पहिला ठरणार होतो. टेबलाच्या खणात परतीचं तिकीट होतं, मोकळ्या तारखेचं.

त्या दिवसांत मामांना एक पत्र लिहिलं. निबंधाचा त्यात शब्द नव्हता. हवा गार आहे, बटाटे रोज असतात, तब्येत बरी आहे. मामांना लिहिताना मला नेहमी त्यांच्या ओट्यावर बसून बोलत असल्यासारखं वाटे, म्हणून शेवटी 'कळावे'ऐवजी ओट्यावरून उठताना म्हणायचो तेच लिहिलं: 'बरं मामा, येतो आता.'

काही आठवड्यांनी बायकोचं पत्र आलं. मी नसताना ती आणि मुलगी डहाणूला मामांकडे राहत होत्या.

'अहो, तुम्ही येताय? आणि येताय तर मला सोडून बाबांना का कळवलंत? बाबा घरात काही बोलत नाहीत. रोज संध्याकाळी कोट घालून स्टेशनवर जातात आणि शेवटची पॅसेंजर गेली की परत येतात. विचारलं तर चक्कर मारायला गेलो होतो म्हणतात. चक्कर मारायला कुणी इस्त्रीचा कोट घालतं का? शेवटी स्टेशनवरच्या चहावाल्याने मला विचारलं, बेन, जमाई आव्या?'

पुढची हकीकत अशी होती. मामांनी ही गोष्ट फक्त त्या चहावाल्याला सांगितली, कुणाला सांगू नको असं बजावून. चहावाल्याने तलासरीच्या एस.टी.च्या कंडक्टरला सांगितली. कंडक्टरने ती आमच्या मुख्याध्यापकांना तिकिटाबरोबर दिली. मुख्याध्यापकांनी 'परदेशातून उच्चविद्याविभूषित होऊन परतलेल्या सरांचे हार्दिक स्वागत' असा कापडी फलक रंगवून घेतला. सातवीच्या मुली स्वागतगीत बसवू लागल्या. माझ्या जागेवर तात्पुरते लागलेले तरुण शिक्षक खडूची पेटी जमा करून निरोप घेऊ लागले. बातमी उधव्याला पोचली तशी आई डहाणूला येऊन दाखल झाली, नाचणीचं पीठ आणि एक जिवंत कोंबडा घेऊन. कोंबडा मामांच्या मागच्या दारी बांधला. तो भलत्याच वेळी आरवायचा. मामा त्याला म्हणाले, "तुझंही वेळापत्रक आमच्या जावईबापूंसारखंच दिसतं."

त्याच पाकिटात मामांची वेगळी चिठ्ठी होती. ती मला तोंडपाठ आहे.

'जावईबापूंस सप्रेम नमस्कार. आपलं "येतो आता" मिळालं. रोज गाडी पाहतो, आपण उतरत नाही. वर्षाचं तिकीट आहे आणि आपण अर्ध्यातही नाही. नोकरीत असताना लांबचं तिकीट घेऊन मध्येच उतरणारे पुष्कळ पाहिले. त्यांना अडवता येत नाही, तिकीट त्यांचं असतं. मी एवढंच विचारायचो: आजारी आहात का, की स्टेशन चुकलं? आपणांसही तेच विचारतो. आजारी असाल तर या, मी दारात आहे. स्टेशन चुकलं असेल तर डब्यात परत जाऊन बसा. उत्तर कळवावे.'

 मी रिवाजाने लिहिलं होतं, आणि त्यांनी तिकीट तपासणाऱ्याच्या नजरेने वाचलं होतं. गंमत अशी की त्यांचं वाचणं चूक म्हणता येत नव्हतं. पत्र लिहिलं त्या दिवशी मी खणातलं तिकीट काढून पाहिलं होतं.

बायकोला लगेच कळवलं की मी येत नाही, फलक उतरवायला सांग. मामांना मात्र उत्तर लिहिता येईना. 'डब्यात बसलो' असं लिहावं आणि पुन्हा नापास व्हावं, मग काय? तेव्हा आधी निबंध, मग उत्तर.

निबंधाला बसलो आणि पहिलं वाक्य आपोआप आलं: आमच्या भागात निघणारा माणूस येतो म्हणतो. मग चारोटीचा बाक लिहिला, आईने पाजलेलं पाणी लिहिलं, दार उघडं टाकून उभ्या राहिलेल्या घरमालकीण लिहिल्या, साडेपाचपर्यंत बसून राहिलेल्या खुद्द बाई लिहिल्या. सदतीस वर्षांचा, दोन पदव्यांचा माणूस घरची रीत परक्या भाषेत बोलला आणि इतक्या लोकांना ताटकळत ठेवून आला. मग माझ्या वर्गातला अकरा वर्षांचा वारली मुलगा घरचा शब्द घेऊन मराठी पुस्तकापुढे उभा राहतो, तेव्हा तो चुकतो की आम्हाला ऐकू येत नाही? आजवर मारलेल्या लाल फुल्या मला डोळ्यांसमोर दिसू लागल्या. तेही लिहिलं. एकाही विद्वानाचं वाक्य नव्हतं. फक्त मामांच्या चिठ्ठीतली एक ओळ घेतली: मुलाला फुली मारण्याआधी एवढंच विचारावं, आजारी आहेस का, की स्टेशन चुकलं?

निबंध दिला आणि वाट पाहत बसलो. मध्ये बायकोचं आणखी एक पत्र आलं. फलक उतरवला होता. मुख्याध्यापकांनी तो जपून ठेवला, मजकूर पुढे कामाला येईल म्हणून. स्वागतगीत शिक्षणाधिकाऱ्यांच्या भेटीला वापरून टाकलं. 'पण बाबा अजून रोज स्टेशनवर जातात. मी म्हटलं, ते येत नाहीत असं त्यांनी कळवलंय. तर म्हणाले, तुला कळवलंय. मी विचारलं त्याचं उत्तर मला आलेलं नाही. अहो, काहीही लिहा, पण लिहा. चहावाला रोज त्यांच्यासाठी बाक पुसून ठेवतो, मला लाज वाटते.'

घरमालकीण त्या काळात माझी भाषा शिकल्या होत्या. बाजाराला निघताना त्या जिन्याखालून ओरडत, "आय ॲम कमिंग, लव्ह!" आणि खुशाल निघून जात. त्या दिवशी मीही तसंच ओरडून बाहेर पडलो आणि बाईंच्या खोलीवर गेलो, कारण निबंध तपासून झाल्याचा निरोप आला होता.

परत आल्यावर मामांना पत्र लिहिलं. ते इतक्यांदा कच्चं लिहून फाडलं की तेही मला पाठ झालं.

'तीर्थस्वरूप मामांस शिरसाष्टांग नमस्कार.

आपलं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण उत्तर माझ्या हातात नव्हतं, इथल्या बाईंच्या हातात होतं. आज त्यांनी दिलं. पास झालो.

आपण विचारलंत, आजारी आहात का, की स्टेशन चुकलं. आजारी नव्हतो. स्टेशन चुकलं होतं. बाहेर सगळं अनोळखी दिसलं, रूळ संपले असं वाटलं आणि सामान खाली काढलं. आपण दारात उभे होतात म्हणून उतरलो नाही.

निबंधात आपलं एक वाक्य विचारल्याशिवाय घेतलं आहे. नाव घातलेलं नाही. बाईंनी त्याखाली रेघ मारून हे कुणाचं असं विचारलं. मी माझ्या मामांचं म्हणून सांगितलं. त्यांनी वहीत "अंकल" लिहून घेतलं. नातं चुकलं आहे, माणूस बरोबर आहे.

लग्नाआधी आपण मला विचारलं होतंत, पुढे कुठपर्यंत. तेव्हा मी तलासरीपर्यंत म्हणालो होतो. आताही तलासरीपर्यंतच, पण जरा लांबून येणार आहे. गणपतीच्या सुमाराला पोचेन. संध्याकाळच्या पॅसेंजरने डहाणू रोडला उतरेन, तिकीट हातात असेल, तपासून घ्यावं.

तोवर रोज स्टेशनवर जाऊ नये. सवयच झाली असेल तर जावं, पण कोट घालू नये. लोकांना वाटतं कुणीतरी येतंय. कोंबडा आईला परत न्यायला सांगावं. तो गणपतीपर्यंत थांबेल असं मला वाटत नाही, आणि आपण त्याला थांबू द्याल असंही वाटत नाही.

आता शेवटी काय लिहावं कळत नाही. "येतो" लिहिलं तर आपण कोट इस्त्रीला टाकाल. "जातो" लिहिलं तर आई मला इथून बोलावून पाणी पाजेल. म्हणून एवढंच लिहितो.

मामा, डब्यात बसलो आहे.

आपला,
जावईबापू'